ओट्यावरचा कबीर

डॉक्युमेंटरी म्हटलं की आमच्या वयाच्या बायकांना एकच आठवतं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी लागायची ती फिल्म्स डिव्हिजनची रिळं, कुठल्यातरी धरणाची नाहीतर कुटुंबनियोजनाची. ती चालू असताना वेफर्सचं पाकीट फोडायचं, शेजारणीशी राहिलेलं बोलून घ्यायचं आणि पाट्या सुरू झाल्या की सरळ होऊन बसायचं. म्हणून मुलाने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून, "मम्मी, तुझ्या माळव्यातली फिल्म आहे, बघ तरी," असं म्हटलं तेव्हा मी मटाराची परात मांडीवर घेऊनच बसले. शेंगा सोलता सोलता बघू, कंटाळा आला तर उठू, असा हिशेब. अर्ध्या तासाने बघते तर मटार तसेच आणि हात थांबलेले.

ती फिल्म होती शबनम विरमाणी यांची 'कबीरा खडा बाजार में'. नंतर त्यांच्या बाकीच्या तीनही पाहिल्या: 'हद-अनहद', 'चलो हमारा देस' आणि 'कोई सुनता है'. चारही 2008 साली पुऱ्या झालेल्या, प्रत्येक साधारण दीड तासाच्या वर. या चित्रपटांबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे, पण आधी एक घरची गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय मला यांच्याविषयी खरं बोलता येणार नाही.

लग्न होऊन मी सांगलीकडून इंदूरला आले तेव्हा आमचं घर मल्हारगंजात होतं. जुनं, लाकडी खांबांचं, पुढे ओटा. पावसाळा सरत आला की एक म्हातारे गृहस्थ तंबुरा घेऊन यायचे. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचे, वरच्या नाही. एका हाताने तंबुरा आणि दुसऱ्या हाताने करताल वाजवत भजनं म्हणायचे. सासूबाईंना ती फार आवडायची. त्या आत माजघरात बसून ऐकायच्या, डोळे पुसायच्या, आणि मला म्हणायच्या, "धान्य दे, दोन रुपये दे, पाणी दे." पाणी द्यायचं ते बाहेरच्या कोनाड्यात पालथ्या घातलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेल्यातून. तो पेला आत येत नसे. तो कोणासाठी आहे हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सुनांना असल्या गोष्टी न सांगताच कळतात.

आता गंमत बघा. आमच्या घरी पाणी दुहेरी गाळल्याशिवाय कोणी पीत नाही. डोळ्यांना न दिसणारा जीवसुद्धा आपल्या हातून मरू नये म्हणून. तेच गाळलेलं पाणी मी त्या पेल्यात ओतून समोर दिसणाऱ्या माणसाला लांबून देत होते. चारपाच वर्षं ते येत राहिले, मग येईनासे झाले. त्यांचं नाव मला माहीत नाही.

'कबीरा खडा बाजार में' बघताना माझे हात थांबले ते यामुळे. आमच्या ओट्यावरून उठून तो माणूस कुठे जातो, हे मी पहिल्यांदा बघत होते.

चित्रपटातला माणूस अर्थातच दुसरा. प्रह्लादसिंह टिपाणिया. आता त्यांना कोण ओळखत नाही! 2011 साली पद्मश्री मिळाली, देशभर कार्यक्रम झाले. पण मुळात ते उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडी गावचे, दलित कुटुंबातले, शाळेत गणित-विज्ञान शिकवणारे मास्तर. कबीर त्यांना लहानपणी घरात मिळाला असं नाही. ऐन विशीत कुठेतरी तंबुऱ्याचा आवाज कानी पडला, तो आवाज शिकायचा म्हणून ते मागे लागले, आणि तंबुऱ्याच्या मागून भजनं आली, भजनांच्या मागून अर्थ आला. हा क्रम मला फार खरा वाटतो. आपणही स्तवनं आधी चालीवर शिकतो. अर्थ कळायला कधी वीस वर्षं लागतात, कधी एखादं मरण.

या चित्रपटाचा विषय मात्र गाणं एवढाच नाही. कबीराला देव करून पूजणारा कबीरपंथ एका बाजूला, आणि कबीराचा उपयोग जातीपाती आणि कर्मकांड यांवर बोलण्यासाठी करू पाहणारी 'एकलव्य' ही संस्था दुसऱ्या बाजूला. नव्वदच्या दशकात देवासमध्ये एकलव्यच्या मंडळींनी कबीर भजन आणि विचार मंच चालवला होता. गावोगावच्या भजनमंडळ्या रात्रभर गायच्या आणि गाण्याच्या मधे मधे, आपण जे गातो त्याचा अर्थ काय, यावर बोलायच्या. टिपाणियाजी या दोन्हीकडचे. आणि मग ते पंथाचे महंत होतात, चौका-आरती करू लागतात. ज्याने आयुष्यभर बाह्य उपचारांवर कोरडे ओढले, त्याच्याच नावाने पान, नारळ, आरती! मित्र विचारतात, हे कसं काय? चित्रपट हा प्रश्न सोडत नाही, आणि त्या माणसालाही सोडत नाही.

इथे मला दिग्दर्शिकेचं कौतुक वाटतं. दुसरं कोणी असतं तर एक बाजू घेऊन मोकळं झालं असतं. पंथ म्हणजे अंधश्रद्धा, संस्था म्हणजे प्रकाश, संपली गोष्ट. इथे तसं होत नाही. पंथाने या लोकांना काय दिलं तेही दिसतं. ज्या माणसांना गावच्या देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही त्यांना स्वतःची आरती, स्वतःचा गुरू, स्वतःचा मेळा मिळाला. ते सोडा म्हणणं आपल्याला सोपं आहे, आपल्याकडे सगळं पहिल्यापासून आहे. आपल्याकडे अनेकांतावर प्रवचनं पुष्कळ होतात. एका माणसाकडे दोन बाजूंनी बघूनही त्याच्यावरचं प्रेम कमी होऊ न देणं म्हणजे काय, हे मला दीड तासात या चित्रपटाने दाखवलं.

आणि हा प्रश्न त्यांचाच आहे असं समजून आपण निवांत बसू नये. ज्यांनी अंगावरचं वस्त्रही ठेवलं नाही त्यांच्या पहिल्या अभिषेकासाठी आपल्याकडे बोली लागते. बोली चढत जाते तसे आपण माना वळवून बघतो, आज कोण घेतंय. मीही बघते. आपल्याकडेही बनारसीदास झाले, द्यानतराय झाले, भूधरदास झाले, आणि आनंदघनांनी तर देवाच्या नावांवरून भांडणाऱ्यांना एका पदात गप्प केलं आहे. ती पदं आपण शास्त्रसभेत गातो आणि बाहेर येऊन पुन्हा तेरापंथी-बीसपंथीचा हिशेब मांडतो. टिपाणियाजींची कोंडी बघताना मला आपली सभा आठवली, ती यामुळेच.

बाकीच्या तीन चित्रपटांविषयी थोडक्यात सांगते. शबनमजी अहमदाबादेत राहत होत्या, 2002 सालची दंगल त्यांनी जवळून पाहिली, आणि त्यानंतर कबीराचा शोध सुरू झाला. 'हद-अनहद' अयोध्येतून निघते. लोकांना तुमचा राम कोणता असं विचारत माळव्यात येते, राजस्थानात मुख्तियार अलींकडे जाते आणि सीमा ओलांडून कराचीच्या फरीदुद्दीन अयाज कव्वालांपर्यंत पोचते. एकच कबीर, पण चाल वेगळी, बोली वेगळी, श्रोत्यांच्या टोप्या-पगड्या वेगळ्या. 'चलो हमारा देस' ही मैत्रीची गोष्ट आहे. कबीराचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या प्राध्यापिका लिंडा हेस आणि लुनियाखेडीचे टिपाणियाजी यांची. विद्वान बाई आणि गायक म्हटलं की बाई प्रश्न विचारणार आणि गायक उत्तरं देणार, असं आपल्याला वाटतं. इथे बाईसुद्धा शोधणारी आहे, ते बघायला छान वाटतं.

'कोई सुनता है' मात्र आपल्या मराठी माणसांच्या अगदी अंगणातली. कुमारजींची. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला हा तरुण क्षयाने आजारी पडून हवा बदलायला देवासला आला 1948 मध्ये, आणि माळवा त्याला कायमचा चिकटला. पाचेक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येत होतं ते बायकांचं गाणं, फिरस्त्या साधूंचं गाणं. शीलनाथांच्या धुनीवरच्या परंपरेतली निर्गुणी भजनं त्यांनी उचलली, लोकधुनांतून मालवती, लगनगांधार, मधसुरजा असे राग बांधले, माळव्याच्या लोकगीतांचे कार्यक्रम केले. चित्रपट त्यांचं गाणं आणि गावातल्या भजनी मंडळींचं गाणं शेजारी शेजारी ठेवतो. कोण मोठा असं विचारत नाही. आणि हे करता करता बाई स्वतःच तंबुरा घेऊन शिकायला लागतात. कॅमेऱ्यामागचं माणूस कामातून इतकं बदलत जाताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

याच कुमारजींवर जब्बार पटेलांचा 'हंस अकेला' आहे, फिल्म्स डिव्हिजनचा, 2005 सालचा. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींनी तो जास्त बघितला असेल. त्यात वसुंधराताई बोलतात, कलापिनीताई बोलतात, शिष्य आणि गुरुबंधू बोलतात. माहिती भरपूर, गाणं भरपूर, आदर तर आहेच. तरी दोन्ही पाठोपाठ बघितल्यावर फरक जाणवतो. 'हंस अकेला' बघून आपण म्हणतो, केवढा मोठा माणूस! 'कोई सुनता है' बघून आपण म्हणतो, हे मी कधी ऐकणार? मला दोन्ही हवे आहेत, पण मटाराची परात बाजूला ठेवायला लावली ती दुसऱ्या जातीच्या चित्रपटाने.

आता तक्रार. पदार्थ चांगला झाला म्हणजे मीठ कमी आहे हे सांगू नये असं थोडंच आहे!

माझी तक्रार बायकांविषयी आहे. चित्रपट बाईने केले, एकात मध्यभागी दुसरी बाई आहे, आणि तरीही गाणारे जे जे मनात राहतात ते सगळे पुरुष. टिपाणियाजी, मुख्तियार अली, फरीदुद्दीन अयाज, कुमारजी. माळव्यात लग्नाला, बाळंतपणाला, जावई आला की, गेला की गातात कोण? बायका. कुमारजींनी कोणाची गाणी ऐकून राग बांधले? ज्या बायकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत त्यांची. आणि ते आजारी असताना नोकरी करून घर आणि औषधपाणी सांभाळलं ते भानुमतीबाईंनी, ज्या स्वतः गायला शिकलेल्या होत्या आणि 1961 मध्ये दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. त्यांच्या नावावरून देवासच्या घराला 'भानुकुल' नाव आहे. घराला नाव मिळालं हे चांगलंच. पण त्यांच्यावर कोणी दीड तासाचा चित्रपट केलेला मला दिसला नाही.

रात्रभर भजन चालतं तेव्हा रात्रभर चूलही चालते. ज्या घरात दहा पाहुणे जेवून गेले आहेत तिथल्या बाईला हे सांगावं लागत नाही. पंगती बसतात, तेव्हा पीठ कोणी मळलं, पहाटे भांडी कोणी घासली, आणि त्यातल्या एखादीच्या ओठांवर तेच भजन होतं का? कॅमेरा तंबुऱ्यापाशी बसतो, आणि साहजिक आहे, गाणं तिथे आहे. तरी मला वाटत राहिलं, एकदा आत ये ना बाई. तू तर येऊ शकतेस.

हे होऊ शकतं, असं मी नुसतं मनाने म्हणत नाही. अमेरिकेत लुइझियाना म्हणून दक्षिणेचा प्रांत आहे. 1755 पासून इंग्रजांनी कॅनडाकडच्या अकेडिया भागातून हुसकून दिलेले फ्रेंच बोलणारे लोक पुढे तिथे वसले. त्यांना केजन म्हणतात. त्यांचं फिडल-अ‍ॅकॉर्डियनचं संगीत, आणि शेजारच्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या लोकांचं झायडेको. या नावाचं मूळ शेंगांसाठीच्या फ्रेंच शब्दात आहे असं सांगतात. घरात भाजीच्या शेंगांत घालायला खारवलेल्या मांसाचा तुकडाही नाही, अशा गरिबीच्या बोलण्यातून ते नाव आलं. आणि झायडेकोचं एक मुख्य वाद्य म्हणजे काय, तर कपडे घासायची पत्र्याची पाटी! पुढे ती छातीवर अडकवता येईल अशी बनवली, पण मूळ धुण्याचंच. या लोकांची भाषासुद्धा शाळेतून घालवली होती, फ्रेंच बोललं की पोरांना शिक्षा.

लेस ब्लँक या दिग्दर्शकाने त्यांच्यावर बरेच चित्रपट केले. झायडेकोचे राजे क्लिफ्टन शेनिये यांच्यावर 1973 साली 'हॉट पेपर', आणि पुढे 1989 मध्ये क्रिस स्ट्रॅकविट्झ यांच्याबरोबर दोन्ही संगीतांचा इतिहास सांगणारा 'जे एते ओ बाल', म्हणजे 'मी नाचाला गेलो होतो'. या माणसाची खोड अशी की गाणं दाखवतानाही त्याचा कॅमेरा रांधण्या-जेवण्यापाशी रेंगाळणार. माणसं काय शिजवतात, कशी वाढतात, हे कळल्याशिवाय त्यांचं गाणं कळणार नाही अशी त्याची समजूत दिसते. लसणावर त्याने अख्खा एक चित्रपट केला आणि तो दाखवताना थिएटरात लसूण भाजून वास दरवळवायचा! आपल्यापैकी निम्म्या जणी तिथूनच उठून गेल्या असत्या, हे सोडा. पण मुद्दा पटण्यासारखा आहे. गाणं स्वयंपाकघराच्या शेजारी राहतं. माळव्यात तर नक्कीच.

आणखी एक सांगायला हवं. चित्रपट संपतो, माणूस संपत नाही. टिपाणियाजी 2019 मध्ये देवासमधून काँग्रेसतर्फे लोकसभेला उभे राहिले आणि हरले. तेव्हा काहीजण म्हणाले, कबीर गाणाऱ्याने हे कशाला करावं! मला चित्रपटातला महंतपदाचा वाद आठवला. आपल्याला गाणारा माणूस पायरीवर बसलेलाच बरा वाटतो. तो उठून कुठलीही गादी मागायला लागला की आपल्याला कबीर आठवतो. आपल्या घरच्या गाद्यांविषयी मात्र आठवत नाही.

चित्रपट बघून झाल्यावर मला एकटीला राहवेना. आमच्या महिला मंडळात दर महिन्याला काहीतरी कार्यक्रम असतो. मी म्हटलं, या वेळी रांगोळी-स्पर्धा राहू द्या, फिल्म लावू. थोडी कुरकुर झाली. एक जण म्हणाली, "आपल्यातलं काही नाही का?" मी म्हटलं, "बघून तर घ्या." सांगून-सवरून 'हद-अनहद' लावली. पहिली पंधरा मिनिटं चुळबूळ, मोबाईल, मग हळूहळू शांतता. अयाज कव्वाल गायला लागले तेव्हा आमच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना गुडघ्यांमुळे उठवत नाही, त्या मांडीवर ताल धरून बसल्या होत्या.

हॉल झाडायला येणारी बाई दाराशी उभी राहून बघत होती. ती मूळ शाजापूरकडच्या गावातली. टिपाणियाजींचं भजन लागलं आणि ती बरोबर म्हणायला लागली. गुणगुणत नव्हती, म्हणत होती, शब्द न् शब्द, पडद्यावरचे थांबायच्या आधी पुढची ओळ घेत. सगळ्यांनी वळून बघितलं. कोणीतरी म्हटलं, "वा!" कोणीतरी टाळी वाजवली. खुर्ची कोणी दिली नाही. मीही दिली नाही, पाच मिनिटं. मग उठून दिली, तर ती म्हणाली, "नाही दीदी, मी ठीक आहे," आणि खाली बसली.

नंतर चहा आला. सगळ्यांना कागदी कपात होता, तिलाही. म्हणजे प्रश्न आलाच नाही. मी हातातल्या कपाकडे बघत बसले. स्टीलचे पेले असते तर मंडळाने काय केलं असतं, आणि मी काय केलं असतं? आमच्या घरी तो कोनाडा आता नाही, जुनं घर पाडून तीन मजले झाले. पेलाही कुठे भंगारात गेला असेल. पण पेला गेला म्हणजे सवय गेली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मैत्रिणींनो, हे चित्रपट बघा. पहिल्यांदा 'कोई सुनता है' बघा, कारण कुमारजी आपले वाटतात आणि दार तिथून सहज उघडतं. मग 'हद-अनहद'. 'कबीरा खडा बाजार में' सगळ्यात शेवटी, आणि शक्य तर घरच्यांबरोबर, कारण नंतर बोलायला कोणी तरी लागतं. खालची इंग्रजी अक्षरं वाचायची गरज नाही. माळवी आपल्याला कळते, निदान कळायला हवी.

त्या दिवशी जाताना मी त्या बाईला थांबवून तिचं नाव विचारलं. सहा वर्षं ती आमचा हॉल झाडत होती. तिने सांगितलं, वर विचारलं, "का, काही चुकलं का?" मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही." नाव इथे लिहीत नाही, छापू नका असं तिनेच सांगितलं आहे. पुढच्या महिन्यात ती गाणार आहे, आणि भजनं कोणती ते ती ठरवणार आहे. पाणी मी घरून नेणार आहे, स्टीलचे पेलेही.